नकार

“तुम्हाला एकट्याला दुप्पट भत्ता. फक्त बाकीच्या पाच जणांना आहे त्या पगारावर जायला तयार करायचं,” मनीषा खंडेरावला म्हणाली आणि कॅन्टीनमध्ये कुणी ऐकत नाही ना, हे तिनं पाहून घेतलं.

अंबडच्या त्या कारखान्याचे सहा फिटर वर्षभरासाठी जर्मनीला निघाले होते, इथं बनलेली यंत्रं तिथं बसवायला. तिथल्या फिटरला मिळतो तेवढाच पगार आम्हालाही द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. ‘परवडत नाही,’ असं मोठ्या साहेबांनी सकाळीच सर्वांसमोर सांगून टाकलं. मग केबिनचं दार लावून घेतलं आणि पगार-भरतीचं काम बघणाऱ्या मनीषाला खंडेरावकडे धाडलं. सहा जणांत तोच जुना, त्याचाच शब्द चालायचा. त्याच्या मुलीला, सृष्टीला, नर्सिंगला प्रवेश मिळालाय आणि फीची जुळवाजुळव चाललीय, हेही साहेबांना ठाऊक होतं.

खंडेराव चहा पीत राहिला. हा आता हो म्हणणार, असं मनीषाला वाटलं. म्हणाला असता तरी तिला राग आला नसता.

“म्हणजे पैसे हायेत,” तो म्हणाला.

“काय?”

“मला फोडायला परवडतंय, मंग पोरांना द्यायला का नाय परवडत? जा मॅडम, इचारून या साहेबांना.”

इतकी वर्षं मनीषानं निरोपच पोचवले होते. खालचे वर, वरचे खाली. त्या दिवशी निरोप सांगून ती थांबली नाही. “साहेब, तो बरोबर बोलतोय,” ती म्हणाली. “काम तेच, तर पगारही तोच हवा.” साहेब भडकले. तरी ती खुर्चीवरून उठली नाही. यंत्रं वेळेत बसवायची तर होतीच. शेवटी साहेब नमले, पण जाता जाता डाव साधला. “दिला तिथला पगार. पण पाचच जण जातील. त्याचं नाव काढ.”

ती खाली आली तेव्हा खंडेराव यंत्रापाशी होता. तिनं सगळं सांगितलं. “मी परत जाते वर. हे असं चालायचं नाही.”

“पाचांना पुरा पगार?”

“हो.”

“मंग ऱ्हाऊ द्या. आता भांडलात तर त्यांचंबी जाईल.”

तेवढ्यात शिपायाकडून बातमी कळून पाचही जण तावातावानं येऊन उभे राहिले. सुयश सर्वांच्या पुढं. “भाऊ, तुमचं नाव काढलं म्हणे! तुम्ही नाय तर आम्हीबी नाय.”

खंडेराव हसला. “काढतंय कोण? मीच नको म्हणलो. वर्षभर घर सोडून ऱ्हायचं माझं वय हाय का रे? नाय पटत तर इचारा मॅडमला.”

सगळे मनीषाकडे वळले.

“हो,” ती म्हणाली. “नकार त्यांनीच दिला.”