चादरींच्या कपाटातली टकटक

“आणलंय गं रक्त धुवायला!” असं म्हणत मर्टल मावशी ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम गावच्या डायलिसिस केंद्रात शिरली की हशा पिकायचा.

आज मात्र चादरींच्या कपाटातून टकटक ऐकू आली. नर्सने दार उघडलं, तर आत नुसत्या चादरी.

मर्टलचं हसू मावळलं. लहानपणी, आदिवासींची मुलं म्हणून उचलून नेत तेव्हा, सरकारी माणसांनी तिला आईपासून ओढून आश्रमात नेलं होतं. तिथली बाई तिला चादरींच्या कोंदट, तापलेल्या कपाटात कोंडायची. ती टकटक करत राहायची. कुणीच उघडायचं नाही.

सुया निघताच मर्टल कपाटापाशी गेली. “चल गं बाळा, मासे खायला,” म्हणत तिने आत हात पुढे केला आणि गुणगुणत केंद्राच्या गाडीत येऊन बसली.

ड्रायव्हर क्लॅरन्सने आरशात पाहिलं.

“मावशी, नातीला खिडकीशी बसव. घामाने कशी निथळतेय बघ!”