मळू नयेत म्हणून

रस्त्याच्या कामावर नवे स्मार्ट ट्रॅफिक कोन आले. समोरून येणाऱ्या गाडीला ते स्वतःच कळवणार, 'पुढे माणसं काम करताहेत', आणि ड्रायव्हर कितीही घाईत असला तरी गाडी आपोआप मंदावणार. एवढी भारी वस्तू धुळीत कोण ठेवतं? मुकादमाने प्लॅस्टिकसुद्धा न काढता सगळे कोन आपल्या ऑफिसातल्या कपाटात घातले आणि कुलूप लावलं. मोठे साहेब पाहणीला येतील त्या दिवशी काढू म्हणाला.

तोवर वळणापलीकडच्या खड्ड्यापाशी नेहमीचेच दगड, एक झाडाची फांदी आणि लाल बावटा घेतलेला मुकादमाचा मेहुणा.

आज तो लंगडत ऑफिसात आला. "भाऊजी, गाडी अंगावरच आली होती. खड्ड्यात उडी मारली म्हणून वाचलो. आता तरी ते कोन लावू द्या."

मुकादमाने टेबलावरचे पाय खाली घेतले, चहाचा शेवटचा घोट संपवला आणि त्याला खिडकीशी नेलं. बाहेरच्या मोकळ्या, गुळगुळीत रस्त्यावरून एकेक गाडी गोगलगायीसारखी चालली होती.

"बघ. सकाळपासून इथे बसून बघतोय, एक गाडी जोरात गेली असेल तर शपथ. तुलाच बावटा धड हलवता येत नाही."

 

मागच्या बंद कपाटातून कोन येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीला इमानेइतबारे कळवत होते, 'पुढे माणसं काम करताहेत.'