गुलाबांसाठी साफ केलेला वाफा

कॉफीच्या ग्लासात चमचा किणकिणला. मार्गितानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून परसाकडे पाहिलं.

"जायच्या आधी तुझा तो ख्रेन उपट," ती सुनेला, व्लास्ताला, म्हणाली. "सगळा. ओंद्रेयच्या सिल्वियाला तिथं गुलाब लावायचेत."

"ईस्टरच्या हॅमवर किसलेली ख्रेनची झणझणीत मुळी नसेल तर तुमचा ओंद्रेय ताटावर बसत नाही."

"आता त्याच्या ताटाचं सिल्विया बघेल. तू तुझ्या बसचं बघ."

व्लास्ता कुदळ घेऊन परसात गेली. मागोमाग पाच वर्षांची बेतका. माती थंड होती. पहिली जाड पांढरी मुळी तुटली आणि उग्र वास थेट नाकात चढला.

"आई, रडतेस?"

"ख्रेन आहे गं हा. सगळ्यांनाच रडवतो."

जाड मुळ्या तिनं पोत्यात भरल्या. बाजूची पेन्सिलीएवढी मुळं मात्र फेकली नाहीत. चाकूनं एकेक कापलं. वरचं टोक सरळ, खालचं तिरकं, म्हणजे लावताना उलटं जात नाही. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात हे मार्गितानंच शिकवलं होतं. वर बजावलंही होतं, "एवढासा तुकडा मातीत राहिला तर जन्मभर निघत नाही हो!"

व्लास्ता वाफाभर वीत-वीत अंतरावर मुळं खोचत गेली. मग कुंपणाकडेनं. मग झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली.

"इथं पण?" बेतकानं विचारलं.

"इथं तर हवंच. खोल घाल."

बेतका इवल्या टाचांनी माती दाबत होती. व्लास्तानं वरून दाताळं फिरवलं.

खांद्यावर शाल टाकून मार्गिता बाहेर आली. काठीनं माती टोकरून पाहिली.

"बघ, मनात आणलंस की कशी कामं होतात! लोण्यासारखी झालीय."

"गुलाब तरारून येतील, आई."

"आजी, आम्ही ना..." बेतका सांगू लागली. व्लास्तानं रुमाल काढून तिचं नाक गच्च धरलं. "शिंकर. जोरात."

मार्गिता आत गेली. दार लागल्यावर व्लास्तानं रुमाल सोडला. बेतकाचं नाक लालबुंद झालं होतं.

"आजीला का नाही सांगायचं?" ती म्हणाली. "बाबाला आवडतो म्हणूनच लावला ना आपण?"