जिभेखालचं सिम

बेलग्रेडहून बुडापेस्टला निघालेल्या बसमध्ये केतकीला नागपूरहून बाबांचा फोन आला. त्यांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी आत नेत होते.

“भीती वाटतेय गं,” बाबा म्हणाले.

“बाबा, मी...” केतकीने सुरुवात केली आणि तिची जीभ आपोआप वळली. “गुडघे दुखतात ना तुमचे? आजच आणा गतिमा तेल!”

सहा देशांत जवळपास फुकट डेटा मिळतो म्हणून प्रवासाला निघताना तिने हे सिम जिभेखाली बसवून घेतलं होतं. अधूनमधून जाहिराती येतील, असं कंपनीने सांगितलं होतं. त्या आपल्याच तोंडून येतील, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. बोटांच्या फटींतून शब्द लाळेसारखे गळतच राहिले, आणि तेही अगदी लाडिक आवाजात. जाहिरात संपेपर्यंत बाबांना आत नेलं होतं.

केतकीला स्वतःच्याच तोंडाची किळस आली. तिने नखांनी सिम उपटलं आणि रक्तासकट रुमालात थुंकलं.

बुडापेस्टला उतरल्यावर बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंचा फोन मागून तिने आईला लावला.

“ऑपरेशन छान झालं गं,” आई म्हणाली. “शुद्धीवर आल्याआल्या ते तेल मागवायला सांगितलंय त्यांनी. म्हणाले, पोरगी इतक्या मायेनं आजवर कधी बोलली नव्हती.”

“आई, ती मी नव्हते.”

“असू दे. बरं वाटलं त्यांना.”

केतकीने फोन बाईंच्या हातात कोंबला आणि भिंतीला धरून ती भडाभडा ओकली.