गुळगुळीत रेष

पडद्यावर रेष उमटली आणि जावयाने आधी सासऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. रेषेकडे बघायची त्याला गरज नव्हती. ती अशीच येणार हे तो वर्षानुवर्षं सांगत होता, आणि ज्यांना ते पटत नाही त्यांच्या डोक्यात भुसा भरलाय, हेही.

रेष डावीकडून निघाली, सावकाश चढली आणि वर जाऊन पसरली. कुठे खाच नाही, खळगा नाही.

"बघा बाबा," तो म्हणाला. "कुठंय तुमचा धक्का?"

अख्खा विभाग त्या खोलीत दाटीवाटीने बसला होता. पुढच्या रांगेत सासरेबुवा आणि शेजारी त्यांची लेक, म्हणजे विभागप्रमुख जावयाची बायको. निवृत्त शास्त्रज्ञाला अशा वेळी कोण विचारतं? पण जावयाने मुद्दाम गाडी पाठवून आणवलं होतं. नाक घासायला माणूस समोर हवा ना.

भांडण एवढंच होतं. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सुटतो आणि सूर्यमालेच्या टोकाकडच्या एका बटुग्रहाच्या चुंबकीय कवचावर जाऊन आदळतो. सासरा म्हणे, ग्रहाच्या पुढ्यात वारा एकदम अडतो, अंधारात भिंतीवर कपाळ आपटावं तसा, आणि त्या धक्क्याने तिथलं चुंबकत्व टुणकन उडी मारतं. जावई म्हणे, एवढ्याशा गोळ्यापुढे कसली आलीय भिंत, वारा हळूहळू मंदावतो आणि बाजूने निघून जातो. जेवायला बसलं की हेच. लेक मधे पाण्याचा जग आदळायची, तरी हेच. "तुमचं खरं, जावईबापू," एवढं म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकलं की आपण सुखाने मरू, असं जावयाला वाटायचं. यान त्याचसाठी पाठवलंय असं लोक त्याच्यामागे म्हणत, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. यान ग्रहाजवळून एकदाच जाणार होतं. गेलंही. पडद्यावरची रेष त्याने वाटेत मोजलेल्या चुंबकत्वाची होती.

म्हाताऱ्याने चष्मा पुसून पुन्हा लावला. जावयाला त्याची कीव आली. वरच्या मजल्यावरून खालच्याची येते तशी.

"ग्रह लांब असतानाचा भाग दाखवा," म्हातारा म्हणाला.

दाखवला.

"हा मोकळा वारा ना? मग थरथरत का नाही? मोकळ्या वाऱ्यात चुंबकत्व क्षणभर स्वस्थ बसत नाही. ही रेष काय इस्त्री करून आणलीय?"

जावई हसला, म्हणून बाकीचेही हसले.

"आमचा खुळखुळा जरा मंद आहे बाबा. विचारा बाईंना."

खुळखुळा म्हणजे यानावरचा चुंबकमापक. तो बनवणाऱ्या बाई मागे दाराजवळ बसल्या होत्या. त्यांना तो बरेच दिवस 'खुळखुळेवाल्या' म्हणत असे, आणि तेही त्यांना ऐकू जाईल असं.

बाई उठल्या नाहीत. "मंद नाही सर," त्या बसूनच म्हणाल्या. "उड्या पुसल्यात आपण."

"कुठल्या उड्या?"

"सगळ्याच. चाचणीत यानावरचा हीटर लागला की मापक उडी दाखवायचा. तुम्ही म्हणालात, हा कचरा पृथ्वीवर कशाला, तिथल्या तिथे झाडून टाका. तेव्हापासून एकदम आलेली कुठलीही उडी यान खरी धरत नाही. सपाट करून पाठवतं."

"आणि धक्का आला असता तर?" जावयाने विचारलं.

"तोही उडीच की. मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, धक्का येणारच नाहीये."

आता कुणी हसलं नाही.

"मूळ आकडे यानात असतील. मागवून घ्या."

"मूळ ठेवतच नाही सर. साठवायला जागा नाही. मापकाची जागा तुम्ही कॅमेऱ्याला दिलीत."

जावयाने खोलीभर नजर फिरवली. अशा वेळी तो एखादं गाढव शोधायचा आणि ते लगेच सापडायचं. आज सगळे खाली मान घालून बसले होते आणि एकही कामाचं दिसेना.

"यान पुन्हा..." तो बोलू लागला आणि थांबला. असला प्रश्न एखाद्या नवख्याने विचारला असता, तर त्याने त्याला भरल्या खोलीत सोलून काढलं असतं. तो नवख्यांकडे बघायचा अगदी तशाच नजरेने बायको त्याच्याकडे बघत होती.

"चला बाबा," ती म्हणाली.

म्हातारा तिच्या आधाराने उठला. उत्तर त्यालाही हवं होतं, मग त्यात आपण हरलो तरी. आणि दुसरं यान तिथवर पोचेपर्यंत तो काही राहणार नव्हता. दाराशी जाताना तो जावयासमोर थांबला. त्याने एकदा पडद्यावरच्या त्या रेषेकडे पाहिलं, मग जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचं खरं, जावईबापू," तो म्हणाला. "आता कुणाच्या बापाला ते खोटं ठरवता यायचं नाही."