चार आणि पाचच्या मध्ये

पुलाच्या खांबावर पाण्याची पातळी दाखवणारे आकडे होते. त्यांवरूनच नवनीत सरांनी वर्गाला दशांश शिकवले. चार आणि पाचच्या मध्ये कधीच न संपणाऱ्या संख्या असतात, हे मुलांना फार आवडलं आणि संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचलं.

आज तापी चारच्या वर गेली. पाचला पाणी गल्लीत शिरतं, तरी एकही बिऱ्हाड हललं नव्हतं. सर सवयीने पायरीशी चपला काढून धनुबाईंच्या ओट्यावर चढले.

"आजी, निघा लवकर."

"बसा सर, चहा ल्या," धनुबाई म्हणाल्या. "चार नि पाचना मधला आकडा सरतस नहीत, तुम्हीच पोरेसले शिकाडं ना? मंग पाच येईच कशी?"

सरांनी मागे वळून पाहिलं.



त्यांच्या चपला गल्लीच्या तोंडापर्यंत वाहत गेल्या होत्या.