आईची पिन

“खड्यांवर ही सोन्याची पकड कुणी बसवली?” साडीची पिन भिंगाखाली धरत तज्ज्ञाने विचारलं.

“आमच्या सोनारानं. नुसते एकमेकांना चिकटलेले खडे, पडले असते म्हणजे? माझ्या लग्नाआधी आईनंच करून घेतलं,” यमुताई म्हणाल्या.

पॅरिसच्या एका जुन्या पेढीच्या दागिन्यांचं मुंबईत प्रदर्शन भरणार होतं. राजवाड्यात गाणं शिकवणाऱ्या आईला राणीसाहेबांनी दिलेली पिन त्याच पेढीची. ती काचेच्या कपाटात असावी, खाली आईचं नाव असावं, म्हणून यमुताई बडोद्याहून आल्या होत्या.

“आजी, सोनं दिसू न देता खडे बसवायचे, यावरच तर आमच्या पेढीचं नाव झालं. ही आता आमची राहिली नाही.”

“तुमची कधी होती? आईची आहे!” यमुताई कडाडल्या. खरं तर आईचाच राग आला होता. कशाला मेली नसती काळजी!

महिन्याभराने प्रदर्शन उघडलं, तेव्हा त्या पिन पदराला लावूनच गेल्या. पहिल्याच कपाटाशी एका बाईने विचारलं, “अय्या, ही कुणाची हो?”

“मथुराबाई कानविंद्यांची,” यमुताईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.